वाचकांचे प्रश्न : किराळ, कांदा, ब्याडगी आणि मेंदी

मागील अंकात वनस्पतिजन्य रंगांविषयी मी लिहिलेल्या टिपणात ‘झाड रंग आपल्यासाठी करत नाही, स्वतःच्या बचावासाठी करते’ असे एक वाक्य ओझरते येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी बाकीच्या चार पानांवर मिळून आली नाहीत. काहींनी पुरावा मागितला, काहींनी स्वतःच्या शेतातील वा स्वयंपाकघरातील अनुभव कळवले, आणि दोघांनी ते वाक्य सरळ चूक असल्याचे लिहिले. पत्रे वाचल्यावर मलाही ते वाक्य अर्धेच खरे वाटू लागले आहे. कोठे खरे आणि कोठे लंगडे, हे पुढील उत्तरांत येईलच.

प्रश्न : ज्वारी काढून झाल्यावर अवकाळी पाऊस पडला आणि धसकटांना हिरवेगार फुटवे आले. शेजाऱ्यांची गाय दावे तोडून त्यात शिरली आणि तासाभरात दगावली. ‘किराळ लागली’ असे जाणत्यांनी सांगितले. त्याच ज्वारीचा कडबा मात्र आम्ही वर्षभर जनावरांना घालतो. एकच पीक विषारीही आणि निर्धोकही, हे कसे? (एक शेतकरी, करमाळा तालुका)

आपल्या प्रश्नात वनस्पतींच्या संरक्षणाचे जवळजवळ सगळे मर्म आले आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

ज्वारीच्या कोवळ्या पानात तयार विष साठवलेले नसते. असतात ते विषाचे दोन सुटे भाग. पहिला भाग म्हणजे धुरिन नावाचे संयुग. ईजिप्तकडे ज्वारीला ‘धुरा’ म्हणतात, त्यावरून १९०२ साली हे संयुग प्रथम वेगळे करणाऱ्या डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले. टायरोसीन या साध्या अमिनो आम्लापासून ज्वारी ते बनवते. तीन विकरे, म्हणजे एन्झाइम, हे काम पार पाडतात : पहिली दोन टायरोसीनचे रूप पालटून त्यातून एक अस्थिर, सायनाइड सोडू पाहणारा रेणू घडवतात आणि तिसरे लगेच त्याच्यावर ग्लुकोज साखरेचा एक रेणू बसवून त्याचे तोंड बंद करते. ही तिन्ही विकरे पेशीत एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे मधला घातक माल हातोहात पुढे जातो आणि वाटेत सांडत नाही. साखर चढलेले धुरिन पाण्यात विरघळते, निरुपद्रवी असते आणि पानाच्या बाहेरील थरातील पेशींच्या रसधानीत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, साठवले जाते.

दुसरा भाग म्हणजे ती साखर काढून टाकणारे विकर. ते पानाच्या आतल्या थरात, हरितद्रव्य असलेल्या पेशींमध्ये असते. जोवर पान अखंड आहे, तोवर या दोघांची गाठ पडत नाही. गाईने घास चावला की पेशी फुटतात, दोन्ही रस एकत्र येतात, साखर सुटते आणि हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. रवंथ करणाऱ्या जनावरांचे दुर्दैव असे की, त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीवांकडेही साखर तोडणारी विकरे असतात, म्हणून चावताना जे काम अपुरे राहिले ते पोटात पुरे होते. सायनाइड पेशींतील श्वसनाची शेवटची पायरी बंद पाडते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. त्यामुळे अशा जनावराचे रक्त काळपट न दिसता लालभडक दिसते. जनावर धापा टाकते, थरथरते, झोकांड्या खाते आणि कोसळते. हीच किराळ.

आता कडब्याविषयी. धुरिनचे प्रमाण कोवळ्या रोपात सर्वाधिक असते. अंधारात उगवलेल्या रोपट्याच्या शेंड्यात तर ते कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. ताट उंच होऊन फुलोऱ्यावर येते तसे हे प्रमाण घसरत जाते. त्यात कापणीनंतर कडबा वाळतो, वाळताना पेशी फुटतात आणि सुटणारे सायनाइड वायुरूपाने उडून जाते. मुरघासातही ते कमी होते. उलट धसकटाला आलेला फुटवा वयाने पुन्हा कोवळाच असतो, आणि पाण्याचा ताण बसलेला किंवा भरपूर नत्र मिळालेला असेल, तर त्यात धुरिन आणखी वाढते. आपल्याकडे घडले ते नेमके याच कारणाने. दाण्यात धुरिन जवळजवळ नसते, त्यामुळे भाकरीला धोका नाही. पण ज्वारीला मोड आणले की अंकुरात ते भरपूर तयार होते, म्हणून मुगा-मटकीच्या मोडांचा न्याय ज्वारीला लावू नये.

व्यवहारापुरते सांगायचे, तर फुलोऱ्यापूर्वीची ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे जनावरांना चरू देऊ नयेत, आणि उपाशी जनावर तर अशा रानाच्या आसपासही सोडू नये. किराळ लागल्याची शंका येताच पशुवैद्यकाला बोलवावे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट यांची शिरेतून द्यावयाची मात्रा हा त्यावरचा उतारा आहे, परंतु त्यासाठी हाताशी मिनिटे असतात, तास नसतात.

प्रश्न : कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते, उकडलेल्या कांद्याने येत नाही. शिवाय आमच्या भागातला पांढरा कांदा लाल कांद्याइतका का टिकत नाही? रंगाचा आणि टिकण्याचा संबंध असतो का? (एक वाचिका, अलिबाग)

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर ज्वारीसारखेच आहे. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त संयुग एका कप्प्यात आणि ॲलिनेज हे विकर रसधानीत असते. सुरी फिरली की दोन्ही एकत्र येतात. मात्र डोळ्यांत पाणी आणणारा वायू तेवढ्याने आपोआप तयार होतो, अशी जी जुनी समजूत होती, ती २००२ साली जपानी संशोधकांनी खोडून काढली. ॲलिनेजने बनवलेल्या पदार्थाला अश्रुकारक रूप देणारे आणखी एक स्वतंत्र विकर कांद्यात असते, असे त्यांनी दाखवले. लसणात हे दुसरे विकर नाही, म्हणून लसूण ठेचल्यावर वास दरवळतो, पण रडू येत नाही. उष्णतेने विकरे निकामी होतात, म्हणून उकडलेला कांदा मुकाट चिरला जातो. कांदा थंड केला तर विकरांचे काम मंदावते, आणि सुरीला धार असली तर पेशी कमी चेचल्या जातात. हे दोन्ही उपाय खरोखर लागू पडतात. डोक्यावर सुरी ठेवणे, तोंडात काडी धरणे वगैरे उपायांबद्दल मी मौन पाळतो.

दुसरा अर्धा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. लाल आणि पिवळ्या कांद्यांच्या सुकलेल्या बाहेरच्या पापुद्र्यांत रंगद्रव्यांच्या जोडीला कॅटेचोल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल ही दोन रंगहीन संयुगे असतात. कांद्यावर काळे डाग पाडणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू या संयुगांमुळे रुजतच नाहीत. पांढऱ्या कांद्याच्या पापुद्र्यांत ती नसल्यामुळे तेथे बुरशीला मोकळे रान मिळते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉकर, लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ ते १९३३ या काळात हे सिद्ध केले. वनस्पतीने आधीच तयार ठेवलेल्या रसायनामुळे रोगाला अटकाव होतो, याचे ते पहिल्या ठोस उदाहरणांपैकी एक मानले जाते. गंमत अशी की, लाल कांद्याचे कोरडे पापुद्रे सोलून काढले, तर आतल्या मांसल पाकळीवर हीच बुरशी बिनदिक्कत वाढते.

येथे माझ्या त्या वाक्याचा लंगडेपणा उघडा पडतो. कांद्याचे रक्षण करणारा पदार्थ लाल नाही, त्याला रंगच नाही. लाल रंग हा त्याचा भाऊबंद आहे. एकाच घरात, एकाच कच्च्या मालातून दोघे जन्मतात, म्हणून जेथे रंग तेथे रक्षण असे आपल्याला दिसते. अर्थात चाळीत कांदा टिकण्यामागे मानेची जाडी, पाण्याचा अंश, सुकवणी अशी इतरही कारणे आहेत, तेव्हा सगळे श्रेय पापुद्र्यांना देऊ नये. पण आपल्याकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या करून त्या हवेशीर जागी टांगतात, त्यात मोठे शहाणपण आहे : ज्याच्या अंगावर चिलखत नाही, त्याला कोरडे ठेवणे हाच बचाव.

प्रश्न : वर्षाच्या तिखटासाठी मी ब्याडगी रंगाला आणि लवंगी तिखटपणाला घेते. रंग जास्त ती मिरची तिखट, असे का होत नाही? (एक गृहिणी, कोल्हापूर)

कारण मिरचीत रंग आणि तिखटपणा ही दोन निरनिराळी खाती आहेत. एक लाल मिरची उभी चिरून पाहावी. बाहेरची लाल भिंत जवळजवळ सपक असते. आत देठाकडून निघून बियांना धरून ठेवणारी जी पांढुरकी शीर असते, तिच्या पृष्ठभागावरच्या पेशींत कॅप्सेसीन हे तिखटपणा देणारे संयुग बनते. बिया तिखट लागतात त्या शिरेला चिकटून असल्यामुळे. स्वतः त्या तिखट बनवत नाहीत. चाखून खात्री करायची असेल, तर आधी भिंतीचा तुकडा जिभेवर ठेवावा आणि शीर शेवटी.

भिंतीचा लाल रंग कॅप्सॅन्थिन या कॅरोटिनवर्गीय रंगद्रव्याचा असतो. हिरव्या मिरचीतील हरितद्रव्याच्या कणिका पिकताना रूप पालटतात आणि त्यांत हे रंगद्रव्य साठते. कॅप्सेसीनची वाट वेगळी आहे : त्याचा अर्धा भाग फिनिलॲलनीन या अमिनो आम्लापासून, तर उरलेला मेदाम्लाचा भाग व्हॅलीनपासून येतो. दोन वाटा स्वतंत्र असल्यामुळे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना एक वाढवली आणि दुसरी तशीच ठेवली. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी सुरकुतलेली मिरची हे त्या निवडीचे फळ आहे. आपण दोन मिरच्या एकत्र दळता, तेव्हा निसर्गाने वेगळी ठेवलेली ही खाती डंकावर एक करता.

मग मिरचीला दोन खाती कशाला हवीत? लाल रंग पक्ष्यांना बोलावतो. पक्ष्यांच्या शरीरातील उष्णता जाणणारे ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारी प्रथिने, कॅप्सेसीनला दाद देत नाहीत, त्यामुळे त्यांना मिरची तिखट लागतच नाही. ते बिया अखंड गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. उंदरासारखे सस्तन प्राणी बिया चावून नष्ट करतात, आणि तिखटपणा त्यांना दूर ठेवतो. आपल्या जिभेवरचा हा ग्राही डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. हाच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसला चेतवला जातो, म्हणून ठेचा ‘भाजतो’ असे आपण म्हणतो ते मज्जातंतूंच्या दृष्टीने अगदी खरे आहे. बोलिव्हियातील जंगली मिरच्यांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही दिसले की, तिखटपणा बिया कुजवणाऱ्या बुरशीलाही रोखतो. रंगाने आमंत्रण द्यायचे आणि तिखटाने पाहुणे निवडायचे, असा हा कारभार आहे. त्यात माणूस हा न निवडलेला पाहुणा.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते जांभळे-गुलाबी होते, पण लाल माठाच्या पाण्यात पिळल्यावर काहीच होत नाही. माझे काही चुकते आहे का? (एक विद्यार्थी, लातूर)

काही चुकत नाही. उलट, वनस्पतिशास्त्रातील एका मोठ्या कोड्यावर तू आपणहून पोहोचला आहेस.

गोकर्ण, जास्वंद, जांभूळ, लाल कोबी आणि कोकम यांचे रंग अँथोसायनिन या गटातील आहेत. या रेणूची रचना आम्ल आणि अल्क यांप्रमाणे बदलते, आणि रचना बदलली की तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो. लाल कोबीचे पाणी लिंबाने लाल होते, खाण्याच्या सोड्याने निळे-हिरवे होते आणि अल्क फार तीव्र असेल तर रेणूच मोडून पिवळे पडते. कोकमाच्या आगळाला जो गर्द लाल रंग असतो, तो फळातील तीव्र आंबटपणामुळे. त्यात चिमूटभर सोडा टाकून पाहिलास तर रंग कसा फिरतो ते कळेल.

माठ, राजगिरा, बीट, कोंबड्याची फुले, बोगनवेल, गुलबक्षी आणि फड्या निवडुंगाचे बोंड यांचे रंग बेटालेन या निराळ्या गटातील आहेत. त्यांच्या रेणूत नायट्रोजन असतो, आणि आंबट पाण्यातून साध्या पाण्यात आले तरी त्यांचा रंग फारसा हलत नाही. म्हणून लिंबू पिळूनही माठाचे पाणी गुलाबीच राहिले. हा रंग उष्णतेला मात्र लवकर हार जातो. बीट फार वेळ उकळले की त्याचा तजेला उतरतो तो यामुळे.

कोडे असे की, बेटालेन बनवणाऱ्या वनस्पती जवळजवळ सगळ्या एकाच गणातल्या आहेत, आणि निसर्गात कोणतीही वनस्पती हे दोन्ही गट एकत्र बनवताना आढळलेली नाही. अँथोसायनिन फिनिलॲलनीनपासून येते आणि बेटालेन टायरोसीनपासून. ही नावे तुला वरच्या उत्तरांतही भेटली असतील : ज्या टायरोसीनपासून माठ गुलाबी होतो त्याच टायरोसीनपासून ज्वारी सायनाइडची तजवीज करते, आणि ज्या फिनिलॲलनीनपासून जांभळाला रंग येतो त्याच्यापासून मिरची तिखट होते. ही दोन्ही अमिनो आम्ले वनस्पती ज्या मार्गाने बनवतात, त्याला शिकिमेट मार्ग म्हणतात. प्राण्यांकडे हा मार्ग नाही. हरभऱ्यातून किंवा भाकरीतून आपल्याला फिनिलॲलनीन आयते घ्यावे लागते, ते त्यामुळेच. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निनही याच मार्गातून निघते, म्हणजे सागवानाची तुळई आणि गोकर्णाचे फूल यांचे मूळ एक आहे.

प्रश्न : फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुमाची झाडे लालभडक पालवीने पेटल्यासारखी दिसतात. ही फुले नव्हेत, पानेच आहेत. झाड कोवळी पाने लाल का करते? (एक भटके वाचक, भोर)

पालवीतील लाल रंगही अँथोसायनिनचाच आहे. त्याच्या कामाविषयी अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. एकाचे म्हणणे असे की, कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा पुरी उभी राहिलेली नसते, आणि त्या काळात कडक ऊन अंगावर घेतले तर पानाला इजा होते. लाल रंग तेथे सावलीच्या पडद्याचे काम करतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हा बचाव किडीविरुद्ध आहे. पाने खाणाऱ्या पुष्कळ किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही, आणि शिवाय पान निबर होईपर्यंत त्यात हरितद्रव्य आणि नत्र न भरल्यास, कोणी ते कुरतडले तरी झाडाचे नुकसान थोडक्यात आटोपते. आंब्याची तांबूस पालवी आणि पिंपळाची ताम्रवर्णी पाने यांनाही हेच युक्तिवाद लावले जातात. माझा कल पहिल्या पक्षाकडे आहे, निदान कुसुमापुरता. कारण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, रानातील बहुतेक झाडे निष्पर्ण असताना, तो आपली सगळी पालवी उघड्यावर आणतो.

प्रश्न : हिरवट पडलेला बटाटा आणि कडू निघालेला दुधी टाकून द्यावा, की हिरवा भाग कापून व दुधी नीट शिजवून वापरावा? (एक वाचक, पुणे)

दुधी कडू लागला तर टाकावा. यात तडजोड नाही. दुधी, काकडी, दोडका या कुळातील वेली कुकुरबिटॅसिन नावाची कडू संयुगे बनवतात. आपण खातो त्या वाणांत ती निवडीने जवळजवळ नाहीशी झाली आहेत, पण एखाद्या फळात ती पुन्हा उफाळतात. शिजवून ती जात नाहीत, आणि त्यांवर उतारा नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही हेच सांगितले : रस काढण्यापूर्वी तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास फेकावा आणि हा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, कारण मिसळल्याने कडूपणा झाकला जातो. काकडीचे टोक कापून घासण्याच्या आपल्या प्रथेत घासण्याला अर्थ नाही, देठाकडचे टोक कापून टाकण्याला आहे. कडूपणा बहुधा तिकडे जास्त असतो.

बटाट्याचा हिरवा रंग हे हरितद्रव्य आहे आणि ते स्वतः निरुपद्रवी आहे. पण ज्या उजेडाने ते तयार झाले, त्याच उजेडाने सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी संयुगेही सालीजवळ वाढतात. हिरवा रंग विष नव्हे, विषाची वर्दी आहे. किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत ही संयुगे सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जातात, पण स्वयंपाकघरात ती मोजणार कोण? किंचित हिरवट झाक असेल तर जाड साल आणि कोंब काढून बटाटा वापरता येतो. खोलवर हिरवा किंवा चवीला कडू असेल तर टाकावा. उकडल्याने वा तळल्याने या बाबतीत विशेष फरक पडत नाही.

प्रश्न : मेंदीचे पान हिरवे, मग हात लाल कसा? (एक वाचिका, अकोला)

मेंदीच्या पानात लाल रंग तयार नसतो, त्याचा साखर चढवलेला, रंगहीन पूर्वज असतो. पान वाटून भिजवले की पानातलीच विकरे ती साखर सोडवतात, आणि उरलेल्या भागाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन लॉसोन हे नारिंगी-लाल रंगद्रव्य बनते. ज्वारीच्या पोंग्यात सायनाइड सुटते, तेथेही साखरेची हीच टोपी उडते. लॉसोन कातडीवरच्या केरॅटिन या प्रथिनाशी घट्ट बंध जोडते, म्हणून ते साबणाने धुतले जात नाही. पहिल्या दिवशी नारिंगी दिसलेली मेंदी एक-दोन दिवसांत गडद होते, कारण रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण चालूच असते. आणि तळहातावर ती मनगटापेक्षा अधिक रंगते, कारण तळहाताच्या मृत पेशींचा थर जाड असतो. मेंदी फिकी पडते, तेव्हा रंग उतरलेला नसतो. त्या रंगलेल्या पेशीच एकेक करून गळून गेलेल्या असतात.